लोक तिला शशी कपूरची बायको म्हणून ओळखतात, पण पृथ्वी थिएटर उभं राहिलं ते या इंग्लिश नटीमुळे

मुंबईत जुहूला जानकी कुटीर नावाचा एक भाग आहे. तिथल्या गल्लीत शिरलं की पृथ्वी थिएटर लागतं. बाहेर कॅफे आहे. झाडाखालच्या टेबलांवर पोरंपोरी स्क्रिप्ट घेऊन बसलेली असतात. कुणी ऑडिशनवरून आलेलं असतं, कुणी तालमीला निघालेलं असतं. इथल्या आयरिश कॉफीचे फोटो तुमच्याही फीडमध्ये एकदा तरी येऊन गेले असतील.

आता पृथ्वी म्हटलं की आपल्या डोक्यात येतात पृथ्वीराज कपूर. फार तर शशी कपूर. बापाच्या आठवणीत पोराने थिएटर बांधलं, असा साधा हिशोब.

हिशोब चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

कारण शशी कपूर त्या काळात एका दिवसात तीन-चार सिनेमांच्या सेटवर पळत होता. पैसा तो आणत होता. पण रंगमंच कसा असावा, प्रेक्षक कुठे बसावा, नाटकवाल्यांना भाडं किती लावावं, उशिरा आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे सगळं बघणारी व्यक्ती दुसरीच होती. ती इंग्लंडमध्ये जन्मली होती, शेक्सपिअरच्या नाटकांत वाढली होती आणि एका सिनेमासाठी तिचं नाव थेट बाफ्टाच्या यादीत गेलं होतं.

तिचं नाव जेनिफर केंडल. तिची ही गोष्ट.

ट्रंका, रेल्वे आणि शेक्सपिअर

गोष्ट सुरू होते तिच्या बापापासून. जेफ्री केंडल हे इंग्लंडमधले नट. मूळ आडनाव ब्रॅग, पण आपल्या केंडल या गावाचंच नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतलं. बायको लॉरा लिडेल, तीही नटी. दोघांचं आयुष्य फिरत्या नाटक कंपन्यांत गेलेलं. त्यांची थोरली मुलगी जेनिफर. तिचा जन्म इंग्लंडच्या साउथपोर्टमधला, तारीख २८ फेब्रुवारी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं घेऊन केंडल मंडळी भारतात आली. युद्ध संपलं आणि ती परत गेली, पण जेफ्रीच्या डोक्यातून भारत जाईना. १९४७ मध्ये इंग्रज सामान बांधून निघाले होते, आणि नेमका तेव्हाच हा माणूस बायकोपोरांना घेऊन उलट दिशेने भारतात आला.

सोबत होती त्याची स्वतःची नाटक कंपनी, शेक्सपिअराना.

आपल्याकडे फिरत्या नाटक कंपन्यांचा इतिहास मोठा आहे, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर आणायला अवघड नाही. ट्रंकांत कपडेपट, रेल्वेचा प्रवास, आज या गावात तर उद्या त्या गावात मुक्काम. केंडल मंडळींचं तेच होतं, फक्त नाटकं शेक्सपिअर आणि बर्नार्ड शॉची. एका दिवशी राजेरजवाड्यांसमोर प्रयोग, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पोरांसमोर. पुढे बंगाली रंगभूमीचा मोठा माणूस झालेला उत्पल दत्त याच कंपनीत तयार झाला.

आणि मराठी माणसाला शेक्सपिअर काही नवा नव्हता. आगरकरांनी हॅम्लेटचं विकारविलसित केलं होतं, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला होता आणि गणपतराव जोशींनी हॅम्लेट रंगवून महाराष्ट्र गाजवला होता. केंडल मंडळी मात्र मूळ इंग्लिशमधूनच प्रयोग करायची.

या कंपनीत जेनिफर मोठी झाली. पडेल ते काम करायचं, हा तिथला नियम. आज नायिका असलेल्या नटीने उद्या कपड्यांना इस्त्री करायची, परवा तिकिटांचा हिशोब बघायचा. रंगमंचावर दिसणारं आणि मागे चालणारं, दोन्ही तिला लहानपणापासून पाठ झालं. पुढे पृथ्वी चालवताना हेच कामाला आलं.

पडद्याच्या फटीतून दिसलेली मुलगी

आता दुसरी फिरती कंपनी.

पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स सुरू केलं होतं. ते तेव्हा सिनेमातले मोठे स्टार, पण सिनेमात कमावलेला पैसा नाटकात घालायचे. सुमारे दीडशे माणसांचा ताफा घेऊन ते देशभर फिरायचे. दीवार, पठाण, गद्दार, पैसा अशी नाटकं करायचे. प्रयोग संपला की स्वतः दारात झोळी धरून उभे राहायचे आणि लोक त्यात मदत टाकायचे. झोहरा सेहगल याच कंपनीतल्या.

पृथ्वीराज यांचा धाकटा मुलगा शशी याच ताफ्यात राबत होता. बापाची कंपनी म्हणून लाड नव्हते. स्टेज मॅनेजरच्या हाताखाली काम, छोट्या भूमिका, सामानाची ने-आण.

१९५६ मध्ये दोन्ही कंपन्या एकाच वेळी कलकत्त्यात होत्या. प्रयोगाआधी किती लोक आलेत हे बघायला शशीने पडद्याच्या फटीतून डोकावलं. प्रेक्षकांत एक गोरी मुलगी बसली होती. झालं, पोराचं लक्ष गेलं ते गेलंच. ती मुलगी म्हणजे जेनिफर.

शशी तेव्हा अठरा वर्षांचा. जेनिफर त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, आपल्या कंपनीची मुख्य नायिका. त्याला इंग्लिश जेमतेम, तिला हिंदी जेमतेम. तरी जमलं.

अडचण होती ती जेफ्री केंडल यांची. पोरगा भारतीय आहे याचा त्यांना राग होता म्हणावं तर तसं नव्हतं. मुख्य नटी गेली तर कंपनी कशी चालणार, हा खरा प्रश्न होता. शशीने मग सरळ केंडल यांच्याच कंपनीत काम धरलं आणि शेक्सपिअरच्या इंग्लिश नाटकांत तो उभा राहिला. पण सासरा काही विरघळेना.

शेवटी सिंगापूरच्या दौऱ्यावर असताना दोघांनी कंपनी सोडली. भारतात परतायला तिकिटाचे पैसे नव्हते. ती तिकिटं थोरल्या भावाने, म्हणजे राज कपूरने पाठवली. घरात शम्मी कपूर आणि गीता बाली या दोघांनी जेनिफरची बाजू घेतली. जुलै १९५८ मध्ये लग्न झालं. तेव्हा शशी होता अवघा वीस वर्षांचा.

मोठी मुलगी गेल्यानंतर शेक्सपिअरानाचे दिवस हळूहळू फिरले. देशात सिनेमाचं वेड वाढलं, इंग्लिश नाटकाला बोलावणारे कमी झाले. याच उतरत्या काळावर जेम्स आयव्हरी यांनी १९६५ मध्ये शेक्सपिअर वाला हा सिनेमा केला. त्यात जेफ्री, लॉरा, धाकटी मुलगी फेलिसिटी आणि शशी यांच्या मुख्य भूमिका होत्या. आणि शेक्सपिअर जिला खऱ्या अर्थाने तोंडपाठ होता, त्या जेनिफरच्या वाट्याला एक छोटीशी भूमिका आली.

दोन बहिणी, दोन वाटा

इथून जेनिफरच्या आयुष्यातला अवघड भाग सुरू होतो.

धाकटी बहीण फेलिसिटी लंडनला निघून गेली. तिथे तिने टीव्हीवर आणि रंगभूमीवर नाव काढलं. १९७५ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या द गुड लाइफ या मालिकेने ती ब्रिटनच्या घराघरांत पोहोचली.

थोरली मुंबईत राहिली. १९५९ मध्ये कुणाल झाला, १९६२ मध्ये करण, १९६७ मध्ये संजना. सासर हिंदी सिनेमातलं सगळ्यात मोठं घराणं, पण त्या सिनेमात तिच्यासाठी जागाच नव्हती. तेव्हाच्या हिंदी सिनेमात गोऱ्या बाईला मिळून मिळणार काय, तर क्लबमधली नाच करणारी किंवा क्रूर साहेबाची मेमसाहेब. इंग्लंडमध्ये काम शोधावं तर संसार मुंबईत. जिथे घर होतं तिथे भूमिका नव्हत्या, आणि जिथे भूमिका होत्या तिथे घर नव्हतं.

१९७० मध्ये बॉम्बे टॉकी आला. आयव्हरी यांचाच सिनेमा. त्यात जेनिफर मुख्य भूमिकेत होती आणि समोर नायक म्हणून शशी. हिंदी सिनेमाच्या दुनियेत येऊन एका विवाहित नटाच्या प्रेमात पडणारी इंग्लिश लेखिका तिने केली. तिचं काम लक्षात राहिलं, पण पुढच्या भूमिकेसाठी तिला आठ वर्षं थांबावं लागलं.

तोवर शशी कपूर सत्तरच्या दशकातला सगळ्यात बिझी नट झाला होता. शिफ्टमागून शिफ्ट. इतकी, की राज कपूरने त्याला टॅक्सी असं नाव ठेवलं होतं. कुणीही मीटर टाकावं आणि बसावं. घरी मात्र एक नियम होता. रविवार घरच्यांचा. त्या दिवशी शशी शूटिंग करत नसे. फिल्म इंडस्ट्रीत हा नियम पाळणारे तेव्हा मोजकेच होते.

पृथ्वीराज यांची राहिलेली गोष्ट

पृथ्वीराज यांनी १९६० मध्ये आपली नाटक कंपनी बंद केली. तब्येत साथ देत नव्हती आणि पैशाचंही गणित बसत नव्हतं. सोळा वर्षं देशभर नाटकं केली, पण कंपनीला स्वतःच्या मालकीचं थिएटर कधीच मिळालं नाही. म्हणून त्यांनी जुहूला एक जागा भाडेपट्ट्याने घेतली होती. तिथे कधीतरी थिएटर बांधायचं, असं त्यांच्या मनात होतं.

२९ मे १९७२ ला पृथ्वीराज गेले. त्याच सुमारास जागेचा करारही संपला. जागा विकत घ्यायची की सोडून द्यायची, असा प्रश्न घरासमोर आला. शशी आणि जेनिफरने ती ठेवायचं ठरवलं. पृथ्वीराज यांच्या नावाने ट्रस्ट झाला आणि थिएटर बांधायचं नक्की झालं.

आता त्या काळातली मुंबईतल्या नाटकांची परिस्थिती काय होती ते बघा. व्यावसायिक नाटकांना मोठी नाट्यगृहं होती. पण प्रायोगिक नाटक करणाऱ्यांचे हाल होते. शे-दोनशे प्रेक्षकांच्या नाटकासाठी हजार खुर्च्यांचं भाडं कोण भरणार? म्हणून तर १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कारने प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या धडपडीतून छबिलदास चळवळ उभी राहिली. पण ती होती शेवटी शाळाच. दिवसा वर्ग भरायचे आणि सगळं संध्याकाळपुरतं उभं करायचं.

म्हणजे गरज काय होती, तर एक छोटं आणि परवडणारं थिएटर. नाटकासाठीच बांधलेलं.

वास्तुविशारद होते वेद सेगन. त्यांच्यासोबत बसून जेनिफरने आराखड्याची बारीकसारीक चर्चा केली. आयुष्यभर शाळांच्या हॉलमध्ये, महालांत, मिळेल त्या जागेत नाटक केलेली बाई ती. नटाला काय लागतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ठरलं ते असं. फक्त दोनशेच्या आसपास खुर्च्या. रंगमंच पुढे आलेला आणि तीन बाजूंनी प्रेक्षक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाच्या चेहऱ्यावरची रेष दिसली पाहिजे आणि माइकशिवाय आवाज पोहोचला पाहिजे. बाहेर कॅफे, म्हणजे नाटक संपल्यावर लोक तिथेच रेंगाळतील आणि नाटकाबद्दल बोलतील.

५ नोव्हेंबर १९७८ ला पृथ्वी थिएटरचा पडदा उघडला.

आणि पहिलं नाटक कोणतं होतं माहितीये? उद्ध्वस्त धर्मशाळा.

म्हणजे आपल्या गो. पु. देशपांडे यांचं मराठी नाटक, हिंदीत. डाव्या विचारांच्या एका प्राध्यापकाची विद्यापीठात चौकशी चालते, त्याची गोष्ट. मराठीत ते डॉ. श्रीराम लागूंनी गाजवलं होतं. पृथ्वीवर ते घेऊन आली होती नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासारखी तेव्हाची नवी पोरं. पंजाबी सासऱ्याच्या नावाचं थिएटर, चालवणारी इंग्लिश सून, आणि उद्घाटनाला साताऱ्याकडच्या मराठी लेखकाचं नाटक. नाव मोठं आहे की नाही यापेक्षा नाटक दमदार आहे की नाही ते बघायचं, ही पृथ्वीची रीत पहिल्याच दिवशी दिसली.

उशीर झाला तर दार बंद

थिएटर बांधणं एक आणि चालवणं दुसरं.

दोनशे खुर्च्यांच्या थिएटरमध्ये सगळी तिकिटं खपली तरी हाती येणारे पैसे ते किती? त्यात भाडं वाढवलं तर नवी पोरं येणार नाहीत, आणि कमी ठेवलं तर थिएटरला तोटा. जेनिफरने भाडं कमीच ठेवायचं ठरवलं. खड्डा भरून काढायला शशीच्या सिनेमांचा पैसा होता. म्हणजे बाप जे झोळी घेऊन करत होता, तेच मुलगा टॅक्सी होऊन करत होता.

शिस्त मात्र कडक. प्रयोग वेळेवर सुरू होणार. उशीर झाला तर दार बंद, मग तुम्ही कुणीही असा. मुंबईच्या ट्रॅफिकची कारणं तिथे चालत नाहीत. आजही चालत नाहीत.

सत्यदेव दुबेंसारखा माणूस, ज्याने मराठीतली कितीतरी नाटकं हिंदीत नेली, तो पृथ्वीच्या वातावरणाचा भागच झाला. पुढे मकरंद देशपांडेने आपली एकामागून एक नाटकं याच रंगमंचावर केली. हिंदी, इंग्लिश, मराठी, गुजराती, सगळ्या भाषांतली नाटकं इथे होत राहिली. १९८३ मध्ये पहिला पृथ्वी महोत्सव झाला.

हे सगळं मुंबईचं झालं. पण आपण मराठवाड्यात बसून हे वाचतोय म्हणून एक आपल्याकडचं उदाहरण. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेलं शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला हे नाटक २०१२ मध्ये आलं आणि राज्यभर गाजलं. त्यात जालन्याकडची पोरं होती. शेतीच्या कामातून वेळ काढून गावात नाटक करणारी ही माणसं. त्यांच्याकडे विषय होता, भाषा होती, नट होते. अशा माणसांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. तालीम कुठे करायची आणि परवडेल असा प्रयोग कुठे लावायचा? जिल्ह्याच्या गावांत आजही हौशी नाटकवाले याच प्रश्नाशी झगडतात. म्हणून दोनशे खुर्च्या आणि कमी भाडं ही दिसायला छोटी गोष्ट कितीतरी लोकांचं करिअर ठरवून जाते.

आणि मग आली मिस स्टोनहॅम

थिएटर सुरू झालं त्याच वर्षी जेनिफरच्या अभिनयाचेही दिवस पालटले. शशीने स्वतःची निर्मिती संस्था काढली होती. तिचा पहिला सिनेमा जुनून, दिग्दर्शक श्याम बेनेगल. १८५७ च्या उठावात एका पठाणाच्या घरात अडकलेल्या इंग्रज मायलेकींची गोष्ट. आईचं काम जेनिफरने केलं. मुलीच्या मागे लागलेल्या पठाणासमोर न डगमगता उभी राहणारी आई. पठाण होता शशी.

मग आला १९८१. जाहिरात आणि सिनेमाच्या जगात कुणी हात लावला नसता अशी एक स्क्रिप्ट अपर्णा सेन यांच्याकडे होती. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिलाच सिनेमा. भाषा इंग्लिश आणि नायिका कोण, तर कलकत्त्यातली म्हातारी होत चाललेली, एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका. शशीने पैसे लावले. नाव ३६ चौरंगी लेन.

गोष्ट साधी आहे. व्हायोलेट स्टोनहॅम शाळेत शेक्सपिअर शिकवते. घरी फक्त एक मांजर. जवळचे नातेवाईक देश सोडून गेलेले आणि भाऊ वृद्धाश्रमात. एक दिवस जुनी विद्यार्थिनी आपल्या मित्राला घेऊन भेटते. दोघांना एकांत हवा असतो, म्हणून लिखाणाचं निमित्त करून ते बाईंचा फ्लॅट दिवसा वापरायला मागतात. बाईंना वाटतं, घराला माणसं आली. पोरांचं लग्न होतं आणि बाईंची गरज संपते. नाताळच्या रात्री बाई केक घेऊन त्यांच्या दारात जातात. त्यांनी गावाला जातोय असं सांगितलेलं असतं. आत पार्टी चालू असते.

शेवटी रिकाम्या रस्त्यावर ती किंग लिअरमधल्या ओळी म्हणत राहते. ऐकायला फक्त एक कुत्रं.

मराठी प्रेक्षकाला इथे नटसम्राट आठवल्याशिवाय राहत नाही. कुसुमाग्रजांनी १९७० मध्ये त्याच लिअरच्या धाग्यावर अप्पा बेलवलकर उभे केले होते. एकीकडे पोरांनी दूर केलेला म्हातारा नट, दुसरीकडे विद्यार्थ्यांनी विसरलेली म्हातारी शिक्षिका. दोघांच्या तोंडी शेवटी शेक्सपिअरचाच आधार.

गंमत बघा, सिनेमात व्हायोलेटच्या वृद्धाश्रमातल्या भावाचं काम केलं होतं जेफ्री केंडल यांनी. म्हणजे तिच्या खऱ्या बापाने. ज्या कंपनीतून ती पळून गेली होती, त्या कंपनीचा मालक तिच्या सगळ्यात मोठ्या भूमिकेत तिच्यासमोर बसला होता.

सिनेमाला मनिलाच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अपर्णा सेन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्या वर्षी उमराव जानसाठी रेखाकडे गेला. पण १९८३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांची यादी आली तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीसाठी चार नावं होती. कॅथरीन हेपबर्न, डायन कीटन, सिसी स्पेसेक आणि जेनिफर केंडल. पुरस्कार हेपबर्नना मिळाला. पण ज्या इंग्लंडमध्ये जेनिफरने कधी करिअर केलंच नाही, तिथल्या सगळ्यात मोठ्या यादीत ती कलकत्त्याच्या एका शिक्षिकेची भूमिका घेऊन पोहोचली होती.

इथून खरं तर करिअरची सुरुवात व्हायला हवी होती.

दोन वर्षं

१९८२ मध्ये जेनिफरला मोठ्या आतड्याचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. तोवर आजार बराच पुढे गेला होता.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बाफ्टाचं नामांकन, पहिला पृथ्वी महोत्सव आणि तिचे शेवटचे काही सिनेमे, हे सगळं या निदानाच्या नंतरचं आहे. १९८३ च्या हीट अँड डस्टमध्ये ती दिसली. सत्यजित राय यांच्या घरे बाइरेमध्ये तिने जमीनदाराच्या बायकोला इंग्लिश शिकवणाऱ्या मिस गिल्बीची भूमिका केली. हा सिनेमा १९८४ मध्ये आला.

७ सप्टेंबर १९८४ ला लंडनमध्ये जेनिफर गेली. वय पन्नाशीचं. मुलांत सगळ्यात लहान संजना, तेव्हा सोळा वर्षांची. आई-वडील दोघंही हयात होते. जेफ्री केंडल तर मुलीच्या मागे आणखी चौदा वर्षं जगले.

शशी कपूर त्यानंतर पहिल्यासारखा राहिला नाही. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. शरीराकडे दुर्लक्ष झालं, वजन वाढत गेलं आणि नायकाच्या भूमिका सुटल्या. न्यू दिल्ली टाइम्ससाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मुहाफिजमधलं काम नावाजलं गेलं. पण त्या कामांतला शशी हा सत्तरच्या दशकातला पळणारा शशी नव्हता.

थिएटर बंद पडलं नाही

एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या संस्था तो माणूस थांबला की बहुतेक वेळा बंद पडतात. पृथ्वीराज यांच्या कंपनीचं तेच झालं होतं. शेक्सपिअरानाचंही तेच झालं.

पृथ्वी मात्र चालू राहिलं. आधी कुणालने फिरोज अब्बास खान यांच्यासोबत ते सांभाळलं. नव्वदच्या दशकात संजनाने हातात घेतलं, मुलांसाठी उन्हाळ्यातल्या नाट्य कार्यशाळा वाढवल्या. पुढे कारभार पुन्हा कुणालकडे आला. कमी भाडं, छोटं थिएटर, वेळेची शिस्त ही आईने घातलेली घडी मुलांनी मोडली नाही.

जेनिफरच्या वाढदिवसाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, पृथ्वीवर तबल्याची मैफल व्हायची. वाजवायला झाकीर हुसेन. जगभर कार्यक्रम असलेला हा माणूस वर्षानुवर्षं ही तारीख जेनिफरसाठी राखून ठेवायचा. हीट अँड डस्टमध्ये दोघांनी एकत्र काम केलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेनही गेले.

२०१५ मध्ये शशी कपूरला दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. तब्येतीमुळे त्याला दिल्लीला जाता येत नव्हतं, म्हणून केंद्रीय मंत्री मुंबईत आले. सोहळा कुठे झाला, तर पृथ्वी थिएटरमध्ये. व्हीलचेअरवर बसलेल्या शशीने पुरस्कार घेतला तो जेनिफरने उभ्या केलेल्या त्या दोनशे खुर्च्यांसमोर. ४ डिसेंबर २०१७ ला तोही गेला.

जेनिफरच्या नावावर सिनेमे मोजायला बसलात तर दोन हातांची बोटंही पुरी लागणार नाहीत. म्हणून यादीत तिचं नाव शशी कपूरची बायको एवढंच उरतं. पण गेल्या चार-पाच दशकांत मुंबईत नाटक करून पुढे आलेल्या नटांची यादी काढा. त्यातल्या कितीतरी जणांच्या सुरुवातीच्या दिवसांत पृथ्वीचा रंगमंच सापडेल.

तिचं काम बघायचं असेल तर ३६ चौरंगी लेनपासून सुरुवात करा. आणि मुंबईला गेलात तर कॉफीचा फोटो काढून परत येऊ नका. एखाद्या नव्या पोरांच्या नाटकाचं तिकीट काढा. फक्त वेळेत पोहोचा, उशीर झाला तर आत घेत नाहीत.